आलेख, सरासरी आणि महागाईचा आकडा

वसंतातल्या संध्याकाळी उकाड्याच्या घरातून बाहेर पडून मंडळी व्याख्यानाला येतात, ती काही तरी रसाळ कानी पडावे म्हणून. त्यांच्यापुढे आकडेवारीसारखा रुक्ष विषय मांडणे म्हणजे पंक्तीत बसलेल्यांना आधी कडू काढा पाजण्यासारखे आहे, याची आम्हाला जाणीव आहे. तथापि हा काढा कोणी तरी पाजलाच पाहिजे. आमचे शालेय शिक्षण बेताचे. गणित आम्ही शिकलो ते पगारपत्रकावर, आणि पुढे वाचनालयातली पुस्तके चाळून. संघटनेचे काम करताना वाटाघाटीच्या टेबलावर समोरचे हिशेबनीस आकड्यांच्या चळती मांडीत, आणि त्यांचा अर्थ लागल्याखेरीज आमचे पान हलत नसे. तेव्हा जे सांगावयाचे ते पंडिताच्या अधिकाराने नव्हे, गिऱ्हाइकाच्या अधिकाराने सांगत आहोत.

आणि गिऱ्हाईक म्हणून मिरजेचा माणूस कच्चा मुळीच नाही. बाजारात भाजी घेणारी बाई पारड्यात वांगी पडण्यापूर्वी रिकाम्या तराजूचा काटा मधोमध आहे की नाही हे पाहते. आता इलेक्ट्रॉनिक काटे आले, तरी तिची नजर आधी शून्यावर जाते. शून्याच्या जागी वीस-तीस ग्रॅम दिसले तर ती तिथेच दुकानदाराला हटकते. हीच बाई, किंवा तिचा पदवीधर मुलगा, वर्तमानपत्रातला आलेख पाहतो तेव्हा मात्र शून्य कोठे आहे हे विचारीत नाही. रेघ वर गेली की प्रगती, खाली आली की अधोगती, एवढे समजून पान उलटले जाते.

आलेखाचे शून्य म्हणजे काय, ते एका प्रसंगाने सांगतो. एका कारखान्यात वेतनकराराची बोलणी चालली होती. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. असे कारखाने पुष्कळ आहेत. व्यवस्थापनाने भिंतीवर एक मोठा तक्ता लावला. त्यावर दोन रेघा: एक माणशी वेतनाची, दुसरी माणशी उत्पादनाची. वेतनाची रेघ डोंगरासारखी चढत गेलेली, उत्पादनाची शेताच्या बांधासारखी आडवी पडलेली. पाहणाऱ्याला वाटावे की हे कामगार खातात हत्तीएवढे आणि काम करतात मुंगीएवढे. आमच्यातला एक जण उठला आणि तक्त्याच्या कडेचे बारीक आकडे वाचू लागला. ते आकडे सोपे करून सांगतो. वेतन ४०० वरून ४४० झाले होते, आणि त्याची पट्टी ३९० पासून ४४० पर्यंतच काढलेली होती. उत्पादन २०० वरून २४० झाले होते, आणि त्याची पट्टी शून्यापासून थेट १००० पर्यंत ताणलेली होती. म्हणजे वेतन शेकडा १० वाढले आणि उत्पादन शेकडा २०. तक्ता मात्र नेमके उलटे सांगत होता. त्यातला एकही आकडा खोटा नव्हता, हे विशेष. खोटी होती ती पट्टी.

त्यावर उपाय सोपा होता. चौकटीच्या कागदावर दोन्ही गोष्टींचे पहिले वर्ष १०० धरून रेघा पुन्हा काढल्या. एक ११० वर गेली, दुसरी १२० वर. उत्पादन का वाढले, नव्या यंत्राने की माणसाच्या घामाने, हा वाद पुढे पुष्कळ झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण तो खऱ्या चित्रापुढे झाला.

एवढ्यावरून कोणी असा नियम बांधील की शून्यापासून न काढलेला प्रत्येक आलेख लबाडीचा. हा नियम आपल्या गावात तरी कोणी बांधू नये. मिरज हे दवाखान्यांचे गाव. खाटेच्या पायथ्याशी लावलेला तापाचा तक्ता कोणी पाहिला नाही? तो शून्य अंशापासून कधीच काढीत नाहीत. निरोगी माणसाचे अंग ९८.६ अंश, आणि १०४ म्हणजे धावपळ. या दोहोंतला फरक शेकडा साडेपाचाचाच आहे. शून्यापासून तक्ता काढला तर ताप दिसणारच नाही आणि रोगी हातचा जाईल. तीच गोष्ट सांगलीच्या आयर्विन पुलावरच्या पाणीपातळीची. तिथे ४० फूट ही इशाऱ्याची पातळी आणि ४५ फूट ही धोक्याची. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेले, आणि २०१९ च्या ऑगस्टात ५७ च्याही वर. ४५ आणि ५७ यांचे खांब शून्यापासून काढले तर दुसरा खांब पहिल्याहून जेमतेम सव्वापट दिसतो. त्या पाव भागात किती घरांचे माळे बुडाले हे कृष्णाकाठच्या लोकांना सांगणे नलगे. तेव्हा पट्टी कोठून सुरू व्हावी हे ज्या गोष्टीचे माप घ्यावयाचे तिच्यावर ठरते. ज्या आलेखात डोळा खांबाची उंची तोलतो, तिथे खांबाचे बूड कापणे म्हणजे फसवणूक होय. ज्यात ठरलेल्या खुणेपासूनचे अंतर पाहावयाचे, तिथे बूड दाखविण्याची गरज नाही. मात्र पट्टी कापली असेल तर तसे स्पष्ट दिसले पाहिजे.

चित्रांच्या आलेखाची लबाडी तर याहून गमतीची. यंदा हळदीची आवक दुप्पट झाली हे दाखवण्यासाठी चित्रकार शेजारी दुप्पट उंचीचे पोते काढतो. पोते बेढब दिसू नये म्हणून रुंदीही दुप्पट करतो. कागदावर पोत्याने चौपट जागा व्यापली. आणि पाहणाऱ्याचे मन त्याला खरे पोते समजून जाडीही धरते, तेव्हा आठपट हळद भरते. सांगलीच्या यार्डातला हमाल त्या चित्राला हसेल, कारण दुप्पट उंचीचे पोते त्याच्या पाठीला ठाऊक आहे.

चित्र बाजूला ठेवून नुसत्या आकड्याकडे वळलो तरी धोका टळत नाही. आपल्याच गावाचे उदाहरण घ्या. डॉ. विल्यम वॉन्लेस यांच्या मिशन हॉस्पिटलाने मिरजेला जे नाव मिळवून दिले, त्यात १९६२ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाची भर पडली. आसपासच्या तालुक्यांतून आणि कर्नाटकातून रोगी येथे येतात. त्यांतले काही बरे होऊन जातात, काही येथेच देह ठेवतात. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे मृत्यूची नोंद तो जेथे घडला तेथे होते. आता कोणी उत्साही लेखक शहरात नोंदलेले मृत्यू घेईल, त्यांना शहराच्या लोकसंख्येने भागील आणि जाहीर करील की मिरज-सांगलीत माणसे इतर गावांपेक्षा फार मरतात. जितके दवाखाने जास्त तितके मृत्यू जास्त, तेव्हा दवाखाने बंद करा! वर अथणीचा रोगी मेला आणि खाली लोकसंख्येत अथणीचा माणूस धरलाच नाही. भागाकार बिनचूक, आणि उत्तर वेडगळ. नोंदणीच्या नमुन्यात मृताचे नेहमीचे राहण्याचे ठिकाण विचारलेले असते, ते याचसाठी. पण तो रकाना उघडून पाहण्याचे कष्ट किती जण घेतात?

टक्केवारीचा खेळही असाच. १९२५ साली मुंबईच्या गिरणीमालकांनी वेतनात शेकडा साडेअकरा कपात जाहीर केली आणि गिरण्यांत मोठा संप झाला. डिसेंबरात सरकारने कापडावरचा अबकारी कर स्थगित केला, कपात मागे घेतली गेली आणि कामगार जुन्या वेतनावर कामावर गेले. आता समजा, मालकांनी तेव्हा म्हटले असते की साडेअकरा टक्के कापले, ते साडेअकरा टक्के वाढवून परत देतो. शंभराचे झाले होते साडेअठ्ठ्याऐंशी. त्यावर साडेअकरा टक्के वाढ दिली तर होतात ९८ रुपये ६८ पैसे. १ रुपया ३२ पैसे हवेत विरले. आजही एखाद्या करारात कपात एका आकड्यावर आणि वाढ दुसऱ्या आकड्यावर मोजलेली दिसते, आणि दोन्हीकडे टक्के सारखे म्हणून सभासद टाळ्या पिटतात.

आरंभीचे वर्ष निवडण्यातही हात चलाखी करतो. १९७२ चे दुष्काळी साल पाया धरले तर महाराष्ट्राच्या शेतीने पुढे कोणत्याही राजवटीत गगनाला हात लावलेले दिसतील. मंत्री चांगले वर्ष शोधतात, विरोधी पक्ष वाईट शोधतो, मालक मंदीचे शोधतो आणि कामगार पुढारीही आपल्या सोयीचे शोधतात. रोग सर्वांचा आहे.

सरासरीविषयी पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे, म्हणून थोडक्यात आटोपतो. सांगली जिल्ह्याचा सरासरी पाऊस समाधानकारक, अशी बातमी येते त्या दिवशी शिराळ्याचा शेतकरी चिखलात उभा असतो आणि जतचा आभाळाकडे पाहत असतो. सरासरीइतका पाऊस ज्याच्या शेतात पडला असा माणूस शोधावा लागतो. कारखान्यातही तेच. पाच हजारांनी काम करणारे एकोणीस आणि एक लाख पाच हजार घेणारा एक, मिळून सरासरी पगार दहा हजार होतो. त्या वीस जणांत दहा हजार मिळवणारा एकही नाही. अशा ठिकाणी सर्वांना पगाराच्या क्रमाने उभे करावे आणि मधल्या माणसाला विचारावे.

पण सरासरीचा एक वाद असा आहे की ज्यावर रेंगाळल्याशिवाय आम्हाला पुढे जाववत नाही, कारण त्याचा एक नायक आपल्या मुलखातला. सातारा जिल्ह्यातल्या बुध या गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे जगद्विख्यात संख्याशास्त्रज्ञ झाले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत, रोममध्ये, संख्याशास्त्राचा विभाग त्यांनी सांभाळला. त्या काळी जगभर एक वाक्य रूढ झाले होते की मानवजातीचे दोन तृतीयांश लोक उपाशी आहेत. वाक्य हेलावून टाकणारे, हेतू उदात्त, आणि त्याखालची मोजणी ढिली. सुखात्मे यांनी १९६१ साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे निबंध मांडून दाखवले की प्रत्यक्ष पोट न भरणारे शेकडा १० ते १५ असावेत. निकस अन्न खाणारे त्यात मिळवले तर प्रमाण निम्म्यापर्यंत जाईल. स्वतः भुकेविरुद्धच्या संघटनेत बसून भुकेचा आकडा कमी करून सांगणे याला छाती लागते. भूक कमी दिसली तर मदतही आटेल, असे सांगणारे तेव्हाही असतील. पण पोट न भरणे आणि अन्न निकस असणे यांची औषधे वेगळी आहेत, आणि दोन्ही रोग एकाच आकड्यात कोंबले तर वैद्य तरी काय करील?

पुढे पुण्यात परतल्यावर सुखात्मे यांचा वाद झाला तो गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वि. म. दांडेकरांशी. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दररोज माणशी २२५० उष्मांक मिळण्याइतका खर्च ज्याला परवडत नाही तो गरीब, अशी रेषा होती. सुखात्मे यांचे म्हणणे असे की सरासरी गरज ही रेषा कशी होईल? सरासरी उंचीहून जे बुटके ते सर्व खुरटलेले असे आपण म्हणत नाही. निरोगी माणसांतही निम्म्यांची गरज सरासरीहून कमी असणारच. शिवाय एकाच माणसाची गरज दिवसागणिक बदलते, आणि शरीर ती सावरून घेते. म्हणून रेषा गरजेच्या खालच्या मर्यादेवर काढली पाहिजे. दांडेकरांनी याला कसून विरोध केला. हा वाद वर्षानुवर्षे चालला, आणि जाणकार अजून दोन्ही बाजूंनी बोलतात.

आम्हाला संख्याशास्त्र म्हणून सुखात्मे यांचा मुद्दा पटतो: सरासरी ही सीमा नव्हे. पण आम्ही ज्यांच्यात वावरतो त्या माणसांकडे पाहून दांडेकरांची काळजीही समजते. पाठीवर पोते घेऊन दिवसभर चढउतार करणाऱ्याचे शरीर कमी अन्नावर 'सावरून घेते', म्हणजे नेमके काय करते? तो पोती कमी उचलतो, किंवा घरी जाऊन निपचित पडतो. शरीर सावरल्याची नोंद होते, मजुरी बुडाल्याची होत नाही. दोन प्रामाणिक विद्वान एकाच मापाने दोन उत्तरे काढतात तेव्हा त्यातला एक खोटारडा आहे असे समजणे हा आळस आहे. त्यांनी रेषा कोठे ओढली आणि का, हे विचारावे. गरिबीच्या सरकारी आकड्यांतही पुढे हेच झाले. २००४-०५ या एकाच वर्षी जुन्या रीतीने देशात शेकडा २७.५ लोक गरीब होते, आणि सुरेश तेंडुलकर समितीच्या रीतीने शेकडा ३७.२. माणसे तीच, पाहणी तीच, रेषा वेगळी. यातला एका रीतीचा आकडा आधीच्या वर्षाला आणि दुसऱ्या रीतीचा नंतरच्या वर्षाला लावला की हवी तशी प्रगती किंवा अधोगती काढता येते, आणि सभांतून ती काढलेली आम्ही ऐकली आहे.

आता ज्या आकड्यासाठी हा सारा खटाटोप केला त्याकडे येतो. तो म्हणजे महागाईचा निर्देशांक. सातारा-सांगलीकडच्या घरांना याची ओळख मुंबईमार्गे झाली. आपल्या भागातली किती तरी माणसे गिरणगावात साच्यावर उभी होती, आणि त्यांच्या मनिऑर्डरीवर गावाकडच्या चुली पेटत होत्या. मनिऑर्डर किती रुपयांची यायची हे महागाई भत्त्यावर ठरे, आणि भत्ता निर्देशांकावर. म्हणजे मुंबईच्या कचेरीत मांडलेला एक आकडा खानापूर-तासगावच्या ताटात भाकरी किती पडणार हे ठरवीत होता.

निर्देशांक म्हणजे मूलतः एक पिशवी. ठरलेल्या वर्षी कामगाराचे कुटुंब काय काय विकत घेते हे पाहून पिशवी भरावयाची, तिची त्या वर्षीची किंमत १०० धरावयाची, आणि पुढे दरमहा तीच पिशवी घेऊन बाजारात जावयाचे. मुंबईत १९२१ साली सरकारचे लेबर ऑफिस स्थापन झाले आणि जुलै १९१४ ला १०० धरून कामगारांच्या राहणीखर्चाचा निर्देशांक निघू लागला. त्याच कचेरीच्या फिंडले शिरास यांनी कामगारांच्या घरखर्चाची पाहणी करून १९२३ साली अहवाल दिला. त्यात त्यांनी लिहून ठेवले की मुंबईचा कामगार धान्य खातो ते दुष्काळी संहितेने ठरवलेल्या कमाल शिध्याइतके, परंतु मुंबईच्या तुरुंग नियमावलीत कैद्याला ठरवलेल्या अन्नाहून कमी. सरकारी नोकराने सरकारी कागदावर हे छापले! आकड्यांना भिऊन पळणाऱ्या कार्यकर्त्यांना आम्ही हा अहवाल नेहमी सांगतो. कोणत्याही सभेतल्या भाषणाने गिरणी कामगाराची बाजू यापेक्षा जोरात मांडली नसेल.

नंतर मुंबईसाठी नवी पिशवी शिवली गेली, ती जुलै १९३३ ते जून १९३४ हे वर्ष १०० धरून. पुढे युद्ध झाले, रेशनिंग आले, देश स्वतंत्र झाला, संयुक्त महाराष्ट्र झाला, आणि १९६३ साल उजाडले तरी मुंबईच्या कामगाराचा भत्ता तीसेक वर्षांपूर्वीच्या त्याच पिशवीवर मोजला जात होता. जुन्या पिशवीला भोके कशी पडतात हे समजणे कठीण नाही. ज्या जातीचा तांदूळ नोंदायचा तो बाजारातून नाहीसा होतो. त्याच्या जागी दुसरा धरला जातो, आणि तो हलका असला तर भाव वाढूनही वाढल्यासारखा दिसत नाही. नोंद होते रेशनच्या भावाची, आणि महिनाअखेर माणूस घेतो खुल्या बाजारातून. भाडे नोंदले जाते जुन्या चाळीच्या खोलीचे, आणि नवा कामगार पागडी मोजून आत येतो. यांतले प्रत्येक भोक लहान. पण सर्व भोके एकाच बाजूला असली तर पिशवी हलकी होते, आणि तिच्यावर बेतलेला भत्ताही.

कामगार संघटनांनी हा हिशेब चुकीचा असल्याची हाकाटी केली. १९६३ च्या ऑगस्टात मुंबईत मोठा बंद झाला, आणि त्याच साली महाराष्ट्र सरकारने मुंबई विद्यापीठाचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमली. समितीने तपासणी करून निर्देशांक वास्तवाहून कमी पडत असल्याचे मान्य केले आणि दुरुस्ती सुचवली. १९६० साल १०० धरलेली नवी मालिका जुन्या मालिकेशी जोडण्यासाठी मुंबईपुरता ४.४४ हा गुणक आला: नव्या निर्देशांकाला ४.४४ ने गुणा, म्हणजे जुना मिळेल. चळवळीच्या इतिहासात या समितीला मिळते त्याहून मोठे पान मिळावयास हवे, असे आमचे मत आहे. रस्त्यावर लाखो माणसे उतरली, आणि त्यांची मागणी काय, तर बेरीज पुन्हा तपासा! आकडे म्हणजे सरकारी थापा, त्यांना चुलीत घाला, असे त्यांनी म्हटले असते तर टाळ्या भरपूर मिळाल्या असत्या, आणि भत्ता होता तिथेच राहिला असता.

येथे एक आडवळण घेतो. डॅरेल हफ या अमेरिकन लेखकाने १९५४ साली आकड्यांनी खोटे कसे बोलावे अशा अर्थाच्या नावाचे एक खुसखुशीत पुस्तक लिहिले. जगभर ते खपले. आलेखाची कापलेली पट्टी आणि फुगवलेली चित्रे पुष्कळांना प्रथम त्यानेच दाखवली. हेच हफसाहेब १९६५ साली अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे सिगारेटच्या वेष्टनावरील इशाऱ्याच्या प्रश्नावर साक्षीला उभे राहिले ते तंबाखू कंपन्यांच्या बाजूने, धूम्रपान आणि रोग यांच्या आकड्यांवर शंका घेण्यासाठी. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारी संशोधने तोपर्यंत ढिगाने पुढे आली होती. आकड्यांच्या लबाड्या शिकवणाऱ्याने खऱ्या आकड्यांवर त्याच लबाड्यांचा आरोप करून पाहिला. तंबाखूची निपाणी आपल्यापासून लांब नाही, म्हणून ही गोष्ट येथे सांगितली. संशयसुद्धा विकत मिळतो. 'आकड्यांत काय, काहीही सिद्ध करता येते' हे वाक्य शहाणपणाचे वाटते, पण त्याचा सर्वांत जास्त फायदा ज्याला खरा आकडा अडचणीचा आहे त्यालाच होतो.

मूळ रस्त्यावर येऊ. पिशव्या पुढेही बदलत गेल्या, आणि बदलणे भागच असते. अखिल भारतीय औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकाची १९६० ची मालिका १९८२ च्या मालिकेला ४.९३ या गुणकाने जोडली आहे, १९८२ ची २००१ च्या मालिकेला ४.६३ ने, आणि २००१ ची २०१६ च्या मालिकेला २.८८ ने. तिन्हींचा गुणाकार सुमारे ६५.७ होतो. १९६० साली १०० रुपयांत येणाऱ्या बाजाराला २०१६ साली सुमारे ६,५७० रुपये पडत होते, असा त्याचा ढोबळ अर्थ. ढोबळ अशासाठी की मधल्या काळात पिशवीतल्या वस्तूच बदलल्या. मिरज जंक्शनवरचा रेल्वे कामगार याच निर्देशांकाला बांधलेला. सातव्या वेतन आयोगाच्या सूत्रात निर्देशांकाची बारा महिन्यांची सरासरी काढून ती २६१.४२ या आकड्याच्या वर शेकडा किती गेली ते पाहतात, आणि तितका भत्ता. हा २६१.४२ जुन्या, २००१ च्या मालिकेतला आहे.

२०२० च्या सप्टेंबरापासून २०१६ ची मालिका लागू झाली. ऑगस्टचा जुना निर्देशांक ३३८ होता. सप्टेंबरचा नवा ११८. ज्याने कोणी हे दोन आकडे एका रेघेने जोडले असतील त्याच्या आलेखात महागाई कड्यावरून दरीत कोसळलेली दिसली असेल. वस्तुतः ११८ ला २.८८ ने गुणले की ३४० च्या जवळ, ३३९.८४ येतात. म्हणजे महागाई थोडी चढलीच होती. १९९८ साली सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महानगरपालिका झाली. त्याआधीची नुसत्या सांगलीची लोकसंख्या आणि नंतरची महानगरपालिकेची एका रेघेत मांडली तर एका रात्रीत सांगलीकरांना किती मुले झाली म्हणावे? मालिका बदलली की रेघ तोडली पाहिजे, किंवा सांधा दाखवला पाहिजे.

आणि भांडण असते ते या सांध्याचेच. नव्या मालिकेतला एक अंक म्हणजे जुन्यातले २.८८ अंक, आणि भत्त्यात सुमारे १.१ टक्का. गुणक २.८८ ऐवजी २.९० असता तर ११८ चे ३४२.२ झाले असते, आणि ती पातळी वर्षभर टिकली तर भत्ता शेकडा ०.९ अधिक बसला असता. दुसऱ्या दशांश स्थळावरचा फरक, पण तो दर महिन्याला, दर पगारात, मालिका चालेल तितकी वर्षे. म्हणून नवी मालिका आली की आम्ही प्रथम जोडगुणक कसा काढला ते पाहतो.

त्याखालोखाल पाहावयाचा तो भार. पिशवीत खाण्यापिण्याचा वाटा २००१ च्या मालिकेत शेकडा ४६.२० होता, तो २०१६ च्या मालिकेत ३९.१७ झाला. यात चोरी असेलच असे नाही. कमाई वाढली की खर्चात अन्नाचा वाटा घटतो आणि शाळा, औषध, प्रवास, मोबाइल यांचा वाढतो. हे जगभर दिसते. पण ही कमाई कोणाची? या मालिकेची पाहणी सात क्षेत्रांतल्या कामगारांच्या कुटुंबांची: कारखाने, खाणी, मळे, रेल्वे, सार्वजनिक मोटार वाहतूक, वीज आणि बंदरे. यार्डातला हमाल त्यात नाही, धुणीभांडी करणारी बाई नाही, सतारीला तुंबा घासणारा कारागीर नाही. ज्या घरात शंभरातले साठ रुपये अन्नावर जातात, तिथे धान्य-भाजी शेकडा १० महागली आणि बाकी सारे स्थिर राहिले तर महागाई शेकडा ६. निर्देशांक सांगेल ३.९. निर्देशांक खोटा नाही. तो दुसऱ्या कोणाची तरी पिशवी घेऊन बाजारात गेला आहे, एवढेच.

शिवाय तो आपल्या बाजारात आलेलाच नाही. भाव टिपले जातात ते ठरलेल्या केंद्रांवर. पुणे, सोलापूर ही त्यांत आहेत, मिरज नाही. म्हणून आम्ही आमच्या सभासदांच्या घरी वही ठेवावयास सांगतो, आणि ती बहुधा घरातल्या बाईच्या हाती असते, कारण भाव तिलाच पाठ असतात. महिन्याच्या एका ठरलेल्या वारी, एकाच दुकानी, ज्वारी, तांदूळ, तूरडाळ, गोडेतेल, साखर, चहा, गॅसची टाकी आणि खोलीभाडे, एवढे लिहावयाचे. घासाघीस करून जो भाव पडला तो लिहावा, पाटीवरचा नव्हे. दुकान बदलले तर तशी नोंद करावी. डाळीची प्रत बदलली तर त्या महिन्यात दोन्ही प्रतींचे भाव लिहावेत, म्हणजे सांधा जुळवता येतो. भाव उतरला असेल तर तोही लिहावा, आणि हे आम्हाला दर सभेत बजावावे लागते. कांदा उतरलेल्या महिन्याचे पान वहीतून फाडलेले एकदा आम्ही पाहिले. ती वही मग वाटाघाटीला नेता आली नाही.